आईच्या खोलीचं कुलूप

"आईच्या खोलीला बाहेरून कुलूप बसवायचंय," म्हणत फोनवरच्या माणसानं पत्ता सांगितला आणि म्हाताऱ्या कुलूपवाल्यानं तो लगेच ओळखला. ही आई म्हणजे तीच! तरुणपणी तिच्या बापानं ह्याला दारातून हाकललं होतं. दोघांचे संसार वेगवेगळे झाले, जोडीदारही गेले, आणि केस पिकल्यावर डोळ्यांच्या दवाखान्यात पुन्हा गाठ पडली. तेव्हापासून रोज संध्याकाळी बागेतल्या बाकावर भेटायचं. प्रेम होतं, अगदी पहिल्यासारखं. लोक हसोत नाहीतर बोंबलोत!

नाही म्हणावं, तर लेक दुसऱ्या कुणाला बोलावणार. मग भेट कायमची संपली. म्हातारा अवजारांची पिशवी घेऊन निघाला.

लेकानं त्याला कधी पाहिलेलं नव्हतं. "कोण एक थेरडा आईच्या मागे लागलाय, काका. या वयात! चारचौघांत तोंड दाखवायची सोय राहिली नाही."

"हं," एवढंच म्हणून त्यानं ड्रिल लावलं. ते सटकलं आणि दारावर भलतीकडेच ओरखडा गेला. आत ती पलंगावर ताठ बसली होती. तिनं त्याच्याकडे पाहिलं, मग कोयंड्याकडे, आणि मान फिरवली. अरे देवा, हिला वाटलं मी फितूर झालो! बोलायची तर चोरी. त्याचा जीव अर्धा झाला.

कोयंडा बसला. "आता कुलूप लावून बघू. आतून दार ओढायला कुणीतरी हवं."

"आई आहेच की."

"त्यांच्या हातात कितीसा जोर? तुम्हीच ओढा."

लेक आत गेला. ती क्षणभर घुटमळली, मग झटकन उठून बाहेर आली. म्हाताऱ्यानं कुलूप लावलं आणि किल्ली तिच्या हातात दिली.

"मजबूत आहे," आतून लेक म्हणाला. "उघडा."

कुणी हलेना.

"काका? आई! अगं, उघड ना!" धक्के बसू लागले. आवाज चिरकला.

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. कसाही असला तरी पोटचा पोर. तिनं कुलूप काढलं.

"ही काय थट्टा? जीव गुदमरला माझा!"

"एवढ्यात?" म्हणत तिनं चपला घातल्या.

"कुठे निघालीस? आणि हा माणूस आहे कोण?"

तिनं लेकासमोरच म्हाताऱ्याचा हात धरला. "ज्याच्यासाठी कुलूप आणलंस ना, तो."