ताटात माळवद वाचणारे मामा

छपराचं निदान करणारा, पण उभ्या जन्मात छपराकडे मान वर करून न पाहिलेला माणूस या पृथ्वीवर एकच होऊन गेला, आणि तो नेमका आमच्या सासूबाईंचा मानलेला भाऊ निघाला. मामांचं गाव जामखेडच्या पलीकडे, कोरड्या मुलखात. पण जामखेडपासून पार प्रवरेकाठच्या कोल्हारपर्यंत ज्याच्या ज्याच्या घरावर मातीचं माळवद होतं, तो कधी ना कधी मामांना बोलावणं धाडायचा. मामा यायचे, दारातच बसायचे, चहा प्यायचे आणि घरातली ताटं मागायचे. वर बघा की, असं कुणी म्हणालं तर म्हणायचे, "ताप आल्यावर डाक्टर टाळूकडं बघतोय का? जीभ बघतोय. घराची जीभ म्हंजी ताट." मग संध्याकाळी छप्पर पेलणाऱ्या प्रत्येक तुळईखाली एकेक रिकामं ताट मांडायचं, आणि सकाळी ऊन उंबऱ्याच्या आत आलं की मामा ती ताटं वाचायला बसायचे. एखादा शास्त्री पत्रिकेवर वाकतो ना, तस्से. पांढरी माती चिमूटभर असेल तर माळवद ठणठणीत, मूठभर असेल तर म्हातारं झालंय. पाल्याचे तुकडे असतील तर मातीखालचा तरवडाचा पाला मेलाय. काळं काही असेल तर उंदीर. आणि हळदीसारखा बारीक पिवळा भुगा असेल, तर मामा काही बोलायचेच नाहीत. उठायचे आणि घरातली भांडी स्वतःच्या हातानं अंगणात नेऊन ठेवायला लागायचे. म्हणजे तुळई आतून किडीनं खाल्लेली आहे, हे घरातल्यांनी समजून घ्यायचं.

मामा बसायचे ते फक्त दाराच्या चौकटीत. भूकंप होवो, माळवद कोसळो, चौकट टिकते असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे आमच्या घरी ते आले की पाण्याची घागर, सरपणाचा भारा, पाहुणेरावळे, शेळी, सगळी वाहतूक त्यांच्या मांडीवरून व्हायची. ते फक्त एक गुडघा बाजूला घ्यायचे, तोही शेळीसाठी. माणसांनी उडी मारावी. एकदा गावचे तलाठी आले आणि बराच वेळ अंगणातच ताटकळले. मामांनी त्यांनाही गुडघा दिला नाही. लग्नकार्यात मांडवाला चौकट नसते, म्हणून ते जेवणाची पंगत सोडून मांडवाच्या खांबाला पाठ लावून जेवायचे, आणि चहा बशीत ओतला की आधी बशीत काय पडलंय ते बघायचे, मग फुरका मारायचे. गर्व एकाच गोष्टीचा. तो मात्र भरपूर. "पस्तीस वर्सं झाली, एक ताट चुकलं न्हाई," हे वाक्य आम्ही त्यांच्या तोंडून देवाच्या आरतीपेक्षा जास्त वेळा ऐकलं.

दुसरी सवय जिभेची. ज्या घरी जातील तिथं मागच्या दहा घरांची ताटं उलगडून सांगायची. अमक्या गावच्या पाटलाच्या ताटात विंचू पडला. तमक्या ठिकाणी ताटात उंदराच्या लेंड्या, तर सून म्हणते काळे तीळ हायेत. ही काळ्या तिळांची गोष्ट मी लग्न होऊन आल्यावर पहिल्याच महिन्यात ऐकली, पोट धरून हसले, आणि त्याच क्षणी मनाशी ठरवून टाकलं की या माणसाच्या गोष्टीत आपण जायचं नाही.

आता माझ्याविषयी थोडं सांगायला हवं. मी तेव्हा एकवीस वर्षांची, नगर शहरातली, मॅट्रिक पास, आणि अक्कल सोडून सगळं बरोबर घेऊन सुप्याजवळच्या या खेड्यात आलेली. रुखवतात स्टीलची ताटं आणली होती. त्यावर मशीननं माझं नाव ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं. गावात स्टील नवीन, त्यामुळे बायका ती ताटं बघायला यायच्या आणि मी जणू खाणीतून पोलाद मीच काढलं अशा थाटात उभी राहायचे. स्वच्छतेचं तर इतकं वेड की कोंबडी ओसरीवर चढली तरी तिचे पाय पुसावेत असं मला वाटायचं. हिला सून म्हणून सात वर्षं सांभाळली तर सासूबाईंचा पुतळा उभारावा, असं आमचे हे म्हणायचे. पुतळा काही उभारला नाही, पण त्यांनी मला सत्तावीस वर्षं सांभाळली.

ते दुष्काळाचं साल होतं. दुसऱ्या वर्षीही पावसानं तोंड दाखवलं नव्हतं. रेशनची लाल मिलो दळून भाकरी करायची आणि ती खाताना एकमेकांकडे बघायचं नाही, असे दिवस. हे दुष्काळी रस्त्याच्या कामावर मजुरांच्या हजेरीचं मस्टर लिहायला जायचे. गावात तीन घरांवर पत्रे चढले होते आणि यांनाही माळवद उतरवून पत्रे घालायचे होते. सासूबाई म्हणायच्या, पाऊसच न्हाई तर छप्पर कशाला भितंय, आन माळवद गार असतंय. शेवटी दोघांचं एका गोष्टीवर जमलं. मामांना बोलवायचं. मामा म्हणाले तर उतरवायचं, नाही म्हणाले तर सासूबाई नेमानं पावसाळ्याआधी घालतात तशी नवी पांढरी माती वर घालायची. मधल्या तुळईच्या कड्यांना चार महिन्यांच्या आमच्या मुलीचा पाळणा टांगलेला होता, म्हणून मला काय वाटतं असं कुणीतरी विचारायला हवं होतं. विचारलं असतं तरी मी पत्र्याचा चकाकणारा रंग सोडून दुसरं काही बोलले नसते.

मामा आले, चौकटीत बसले, ताटं मागितली. पितळ्या घासायला गेल्या होत्या, म्हणून सासूबाईंनी माझी रुखवताची सात ताटं काढून दिली. पहाटे पाणी आणायला उठले आणि कंदील वर धरून पाहते तर काय, माझ्या कोरलेल्या नावावर माती! मधल्या ताटात तर पिवळट भुगा. मला पिवळ्याचा अर्थ ठाऊक होता का? होता. शंभर वेळा ऐकला होता. पण त्या क्षणी मला तुळई दिसलीच नाही. मला दिसले मामा, कोल्हारला कुणाच्या तरी दारात बसून सांगणारे, सुप्याकडची एक सून, स्टीलची ताटं, नाव कोरलेलं, आन नावावर माती. मी पदरानं सातही ताटं लखलखीत पुसली. मग वाटलं, एवढी स्वच्छ ताटं दिसली तर संशय येईल. म्हणून चुलीमागची पांढरी माती घेऊन प्रत्येक ताटात चिमूटभर, रांगोळी टाकावी तशी, नीट मोजून टाकली. तीन पहाटे हा उद्योग चालला. आपल्या हुशारीवर मी इतकी खूश होते की मॅट्रिकला गणितात पडलेले काठावरचे गुणसुद्धा विसरले.

तिसऱ्या दिवशी मामांनी छाती ठोकून सांगितलं, माळवदाला धा वर्सं बघायचं काम न्हाई. सासूबाई खूश. यांनी पत्र्याचा विषय गिळला आणि कामावर गेले. मामा एसटी गाठायला फाट्याकडे निघाले. इकडे लगेच गाढवांवरून पांढरी माती अंगणात येऊन पडली. एक गडी वर चढला, सासूबाई अंगणात उभ्या राहून त्याला पाट्या देववू लागल्या. मी आत पाळण्याला झोका देत होते. वर पाटी रिकामी झाल्याचा धप्प आवाज झाला आणि पाळण्यात पिवळा भुगा सांडला. दुसरी पाटी, पुन्हा धप्प. पोरीच्या कपाळावर, गालांवर, पापण्यांवर. हळद लावल्यासारखी ती दिसत होती आणि हसत होती.

तोवर मला आयुष्यात इतकी भीती वाटली नव्हती. पोरीला उचललं आणि अंगणात आले. आता "वरची माती थांबवा" एवढं बोलायचं. पण ते बोललं की का, कशावरून, हे आलं. मी शहाणी म्हणाले, चहा टाकते, गड्याला खाली बोलवा, उन्हाचा तो चक्कर येऊन पडेल. दुष्काळात आपणहून चहा म्हटल्यावर गडी शिडीवरून नाही, उडी मारून खाली आला. सासूबाईंना म्हटलं, गूळ संपलाय, शेजारून आणते. आणि पोरीला कडेवर घेऊन फाट्याकडे पळत सुटले.

मामा लिंबाखाली तंबाखू मळत बसले होते. मी धापा टाकतच बोलून टाकलं, "मामा, ताटं मी पुसत होते."

"कवा?"

"रोज पहाटे. तुमच्या आधी. आणि माती मी टाकली."

"कशाला गं?"

"तुम्ही गावोगाव सांगाल म्हणून."

मामांचा अंगठा तळहातावर थांबला. मग विचारलं, "पिवळं हुतं?"

"मधल्या ताटात. रोज."

"आन पाळना?"

"त्याच तुळईला."

मळलेली तंबाखू त्यांनी तशीच मातीत टाकली. एसटी आली, थांबली, कंडक्टरनं हाका मारल्या. मामा तिच्याकडे पाठ करून गावाकडे चालू लागले होते. मी रडत मागून. वाटेत ते मला एका शब्दानं बोलले नाहीत. फक्त दोनदा, स्वतःशीच, "गावोगाव सांगतो म्हनून," असं पुटपुटलेले ऐकू आलं.

घरी आल्याबरोबर त्यांनी पाळणा सोडवून बाहेर आणला आणि सासूबाईंसमोर उभे राहिले. "आक्का, ताट वाचन्यात माजी चूक झाली. मधली तुळई गेलीया. कुनी आत जाऊ नका."

सासूबाई म्हणाल्या, "तुजी चूक? आरं, सकाळी तर छाती ठोकत हुतास."

"व्हय. ठोकली. चुकली."

मी तोंड उघडलं. मामा माझ्याकडे न बघता म्हणाले, "सूनबाई, पोरीला घिऊन सावलीला बस. कामाच्या टायमाला बाईमानसानं मधी बोलू न्हाई." बायकांच्या मधे बोलण्यावर त्यांनी त्याआधी कधी आक्षेप घेतला नव्हता. बायका मधे बोलत, त्यावर तर त्यांच्या अर्ध्या गोष्टी चालत. मी गप्प बसले. मला तेच हवं होतं, हे आता लपवण्यात अर्थ नाही.

चार दिवस माळवद उतरत होतं. आजेसासऱ्यांपासून दर पावसाळ्याआधी नवी माती चढली होती, जुनी काढावी हे तीन पिढ्यांत कुणाला सुचलं नव्हतं. अर्धं शेतच डोक्यावर घेऊन आम्ही झोपत होतो. तुळई उघडी पडल्यावर मामांनी गड्याकडून तिला पहारीचं टोक लावून घेतलं, तर ते पिकल्या पपईत जावं तसं आत गेलं. दोर बांधून खाली घेताना ती मधोमध मोडली. आत लाकूड नव्हतंच, पीठ होतं. सासूबाई थोडा वेळ तिच्याशेजारी बसल्या. मग माझ्या मांडीवरून पोर उचलली ती दिवेलागणीपर्यंत परत दिली नाही. मी त्या दिवशी मिलोच्या दोन भाकरी मिटक्या मारत खाल्ल्या. तालुक्यात मिलो आवडीनं खाल्लेली तेव्हा मी एकटीच असेन.

पत्रे चढेपर्यंत मामा हलले नाहीत. चौकटीत बसून, मान खाली, नुसत्या आवाजावरून ओरडायचे, तिसरा खिळा वाकडा बसलाय. आणि तो बसलेला असायचा. त्या पत्र्यांनी पुढे उन्हाळ्यात आमचे पापड भाजले, आणि वरून कावळा चालला तरी सासूबाई पदर सावरून बसायच्या, कोणीतरी मोठा माणूस आल्यासारखं वाटायचं. पण पोर खाली ढाराढूर झोपायची, आणि मी तिच्याकडे बघत बसायचे.

मामांचं ताट चुकलं, ही बातमी मात्र त्यांच्या आधी जामखेडला पोचली. बोलावणी कमी झाली. तशी पत्र्यांनी पुढे ती होणारच होती, पण आधी कमी झाली.

मुलगी अकरावीला गेली तेव्हा तिला घेऊन त्यांच्याकडे गेले होते. मामा थकले होते. त्यांची मुलं दिलखुलास, बापाची थट्टा करायची हौस. मोठा म्हणाला, आमच्या बापाचं आयुष्यात एकच ताट चुकलं, तेही तुमच्याच घरी बघा, वैनी. सगळे हसले. आता सांगायचंच, असं ठरवून मी पुढे सरकले.

मामा म्हणाले, "सूनबाई, च्या गार हुतोय." मग माझ्या मुलीला म्हणाले, "तू इकडं ये. हितं बस, माज्यापाशी." आणि तिच्या डोक्यावर हात ठेवून बसून राहिले. मी चहा प्यायले.

आता मामा नाहीत, सासूबाईही नाहीत, आणि माझ्या अब्रूची काळजी करण्याचं माझंही वय उरलेलं नाही. मामांच्या मुलांच्या हाती हे पडलं तर त्यांनी एवढंच करावं, ती चूक बापाच्या नावावरून कमी करून माझ्या नावावर चढवावी. इतक्या वर्षांनी असा फेरफार होतो का, मला माहीत नाही. पण अर्ज मी दिलेला आहे.