खालची ओळ वर

ऐंशीचं दशक संपता संपता रत्नागिरीत लग्नपत्रिका कॉम्प्युटरवर होऊ लागल्या आणि त्या करून देणारा हा गृहस्थ स्वतःला चित्रगुप्त समजायला लागला. आंब्याच्या कलमांच्या वाटणीवरून भावाभावांत बिनसलं, की लोक पत्रिकेचं प्रूफ घेऊन त्याच्याकडे धावायचे. तो चष्मा कपाळावर ढकलून दुकानभर ऐकू जाईल असं विचारायचा, “काकांना ठेवू, की उडवू?” मग तांदळातला खडा निवडावा तसं ते नाव पडद्यावर निवडायचा, बटण दाबायचा आणि म्हणायचा, “बघा, खालची ओळ आपसूक वर आली. इथे माणूस होता असं वाटतंय तरी?”

माझा काका त्याने असाच उडवला. मीच सांगितलं होतं.

पुढे त्याच्या सख्ख्या पुतण्याचं लग्न ठरलं. पत्रिका मला आली, त्याला नाही. मी ती मुद्दाम त्याला दाखवायला नेली. त्याच्या भावाने ती जुन्या, शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवणाऱ्या छापखान्यात छापली होती. निमंत्रकांच्या नावांत मधेच एक ओळ कोरी होती. याचं नाव लावून झालं होतं आणि आयत्या वेळी उपसलं होतं.

त्याने त्या कोऱ्या जागेवर बोट ठेवलं.

“अडाणी लेकाचे! खालची ओळ वर घ्यायला नको? इथे माणूस होता ते दिसतंय ना!”