चिंधी बांधलेली काकडी

देऊळघाटात आमच्या शेजारच्या काकूंचा काकडीचा वेल दरसाल उतू जातो आणि खाणाऱ्या त्या एकट्या. मग रोज कोशिंबीर, थालीपीठ, अन् भिंतीवरून हाक, "भांडं आण वं पोरी!" आर्जव नाही, हुकूमच. एक काकडी मात्र लाल चिंधी बांधून बियाण्यासाठी वेलावरच पिकू द्यायच्या. तिच्याकडे बोट दाखवलं तरी खेकसायच्या, "सडते नं ती!"

काल हाक आली नाही. मीच भांडं घेऊन गेले. परातीत पिवळ्या, जून काकडीचा कीस होता.

"काकू, बियाण्याची किसली?"

"हाव."

"मग पुढच्या साली काय लावसान?"

"पुढचं साल कोनं पाह्यलं वं?"

लाल चिंधी तेलात बुडवून त्यांनी ती तापल्या तव्यावरून फिरवली.