पत्रूचं पोकळ दुखणं

ओंडका भरीव आहे की आतून पोकळ, हे आमच्या लाकूड डेपोत पत्रू हातोड्याच्या ठोक्यावरून सांगायचा. सागाच्या टोकावर हातोडा मारायचा, मान तिरपी करून ऐकायचा आणि बोलायचा, 'भरीव' नाहीतर 'पोकळ'. लिलावाला आलेले व्यापारी लाकडाकडे कमी आणि त्याच्या तोंडाकडे जास्त बघत. मी तिथेच हिशेबाचं काम पाहतो, त्यामुळे हा ठोका खिडकीतून रोज ऐकत आलो.

पत्रूचं अर्धं आयुष्य रोजंदारीवर गेलं होतं. नवे साहेब आले आणि माणसं कमी होणार अशी कुजबुज सुरू झाली. एकदा व्यापाऱ्यांसमोरच साहेब त्याला म्हणाले, की ठोकून बघायला वेगळा माणूस कशाला हवा? पत्रूने हातोडा खाली ठेवला. बाकावर बसला आणि बसल्या जागीच त्याच्या छातीत सुया टोचल्यासारखं होऊ लागलं. बोटांना मुंग्या आल्या, श्वास पुरेना. हमालांचा मुकादम दिनेश त्याला जीपमधून चंद्रपूरला घेऊन गेला. दवाखान्यात छातीची पट्टी, म्हणजे ईसीजी, काढली, रक्त तपासलं, रात्रभर ठेवून घेतलं. सगळं ठीक निघालं.

परत आल्यावर दिनेशने चहाच्या वेळी जाहीर केलं, "डॉक्टरनं पत्रूभाऊले ठोकून पाह्यलं. माल पोकळ निघाला. दिलबिल काई नाई, नुसतं टेन्शन."

सगळे हसले. पत्रूही हसला. त्या दिवसापासून तो पोकळभाऊ झाला. घाम पुसायला जरी थांबला, तरी कोणीतरी विचारायचं, "काऊन पोकळभाऊ, आलं का टेन्शन?"

दिनेशने सांगितलं ते खोटं नव्हतं, अर्धं होतं. बाकीचं अर्धं मला पत्रूच्या बायकोकडून, ज्योत्स्नाबाईंकडून, फार उशिरा कळलं. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या की यावेळी हृदय चांगलं आहे, हे काळजीने झालं. पण काळजीने दुखतं तेही खरंच दुखतं. आणि आजची पट्टी आजची. पुढे कधी चढताना, ओझं उचलताना छाती दाबल्यासारखी झाली, थांबल्यावर बरं वाटलं, कळ हातात किंवा जबड्यात गेली, दरदरून घाम फुटला, तर घरी बसून अंदाज करायचा नाही, लगेच यायचं. दोन्ही दुखणी कधी कधी इतकी सारखी असतात की तपासल्याशिवाय आम्हा डॉक्टरांनाही ओळखता येत नाहीत.

डॉक्टरीणबाईंनी शिकवल्याप्रमाणे पत्रू सावकाश श्वास घेऊ लागला, पहाटे फिरू लागला. काम टिकलं. सुया टोचायच्या थांबल्या.

उन्हाळ्यात दुसरंच सुरू झालं. डेपोच्या चढावरच्या थप्प्यांकडे जाताना छातीवर ओंडका ठेवल्यासारखं व्हायचं. उभं राहिलं की उतरायचं, चाललं की पुन्हा. तो जबडा चोळायचा आणि विचारलं तर दाढ दुखते म्हणायचा. ज्योत्स्नाबाईंनी ओळखलं. खरं तर त्यानेही ओळखलंच असणार. दोन आवाजांतला फरक ऐकण्यातच त्याचा जन्म गेला होता. दवाखान्यात चला म्हणून त्या मागे लागल्या, तेव्हा तो म्हणाला, "पुन्हा पट्टी साफ निघाली त लोकं जगू देतीन का मले?"

लिलावाच्या दिवशी तो थप्पीच्या सावलीला घामाने भिजून बसला होता. व्यापारी खोळंबले होते. दिनेशने हाक मारली, "चला पोकळभाऊ, टेन्शन मंग घेजा." तो उठला. चढावर गेला, ठोका मारला आणि मान तिरपी केली. ती तशीच राहिली. बोलला नाही. ओंडक्यावर कलंडला.

जीप दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. चढताना दुखत होतं तेव्हाच आणलं असतं तर उपाय करता आला असता, असं तिथे ज्योत्स्नाबाईंना सांगितलं गेलं.

डेपोत शोकसभा झाली. साहेब बोलले. पत्रू गुणी माणूस, पण टेन्शन फार घ्यायचा. त्यातून आपण धडा घेतला पाहिजे. डेपोत ताणमुक्तीचं शिबिर घेण्याचं त्यांनी तिथेच जाहीर केलं. दिनेशने मान डोलावली.

ज्योत्स्नाबाई पुढच्या सतरंजीवर बसल्या होत्या. उभ्या न राहताच म्हणाल्या, "त्याईले टेन्शन नव्हतं जी. त्याईची छाती दुखत होती."

"हो बाई, तेच ते," साहेब म्हणाले, आणि सगळ्यांसाठी चहा मागवला.