कोरड्या गाठी

वल्लरीला बसवत नव्हतं. दिल्लीतल्या द्वारकेच्या फ्लॅटमध्ये ती खिडकी ते टेबल येरझाऱ्या घालत होती. आता तिचा मित्र सुजय गाडी घेऊन येईल आणि दोघं डोंगरातल्या नदीवर महसीर मासा धरायला जातील. धरायचा, गळ काढायचा, पाण्यात सोडायचा, असा त्यांचा छंद. पण मागच्या खेपेला तिचा दोरा तुटला आणि मासा गळ तोंडात घेऊनच गेला. तेव्हापासून ऑफिसच्या मीटिंगमध्येसुद्धा तिला तो मासा दिसे.

तुटला होता लीडर, म्हणजे जाड दोरी आणि गळ यांच्यामधला, टोकाकडे बारीक होत जाणारा नायलॉन. ती तो घरीच करी. जाड तुकड्याला बारीक तुकडा, त्याला आणखी बारीक, अशा गाठी मारत. आज तिने एक नवा लीडर खिडकीच्या गजाला बांधला आणि बॅगा तोलायच्या काट्याने ओढला. तट्‌! पुन्हा गाठीशीच.

"नीट आवळत नसशील," भाजी निवडता निवडता तिची आई, अहिल्याबाई, म्हणाली.

"आवळते गं! हे धर, बघ."

आईने टोक चिमटीत धरलं. वल्लरीने नायलॉन तिच्या बोटांतून खस्सकन ओढून घेतला.

"आई गं! चटका बसला की!"

वल्लरी थबकली. चटका. म्हणजे गाठही आवळताना अशीच घासून भाजत असणार, आणि तिथेच नायलॉन कच्चा होत असणार. ती ज्यावरून गाठी शिकली त्या व्हिडिओतला माणूस आवळण्याआधी गाठ तोंडात धरून ओली करी. तेवढं तिने सोडून दिलं होतं. लहानपणी हाराचा दोरा तोंडात घातला की आई चापट मारायची, उष्टा केलास म्हणून.

तिने नवी गाठ ओठांत धरली.

"शी! काय हे?"

"शेवटी मासाच ही तोंडात धरणार आहे, आई."

"पाणी काय महाग झालंय?" आईने पाण्याची वाटी पुढे सरकवली.

ओली गाठ हळूच बसली. काटा पुढे पुढे गेला, गाठ हलली नाही.

फोन वाजला. सुजय होता. "यार, खाली उभा आहे. चलो!"

"वर ये. चहा घे. उशीर होईल."

"लीडर तर कालच झाले होते ना?"

"सगळे कोरडेच बांधलेत."

"अगं, एखादा चालेल!"

"त्याच एखाद्याला मासा लागेल."

तिने कात्री उचलली. सगळ्यात सुबक जमलेल्या लीडरपाशी हात अडखळला. मग तोही कापला, आणि जाड नायलॉनचं रीळ जवळ ओढलं.