सोललेले वाल

मंडईच्या दाराशी एक म्हातारी मोड आलेले वाल सोलत बसते. काल तिच्यासमोर उभी होते. ती गिऱ्हाइकाशी बोलत होती आणि बोटं खाली आपोआप चालली होती. चिमटीत दाबला की दाणा सालातून सुळकन बाहेर, अख्खा. वय विचारलं तर म्हणाली, "कोणाला ठाऊक. रिकामी बसून राहिले तर कळेल."

माझ्या आईची बोटंही अशीच चालायची. आम्हा बहिणींना घेऊन ती वाल सोलायला बसायची, आणि आमच्या हातून दाणा मोडला की हातावर चापट मारायची. तिची सत्तरी उलटल्यावर मीच तिला म्हटलं, "आता पुरे, बस निवांत." तेव्हापासून घरी सोललेले वाल येऊ लागले. मग तांदूळ निवडणं गेलं, वाती वळणं गेलं. एकेक काम मी तिच्या हातून काढून घेतलं आणि त्याला माया म्हटलं. खरं सांगायचं तर ती सावकाश करायची आणि मला घाई असायची.

काल न सोललेले वाल आणले. ताट आईपुढे ठेवलं. तिनं एक दाणा उचलला, बराच वेळ चाचपला, मग दाबला. त्याचे दोन तुकडे झाले.

"बरोबर सोलला का गं?" तिनं विचारलं.

मी हो म्हटलं. मग मुद्दाम एक दाणा मोडला आणि चापट खायला हात तिच्यापुढे धरला.

तिनं माझा हात हळूच कुरवाळला.