ताईंचा मंगळवारचा तास

लग्न होऊन आली तेव्हा वहिनीला वाटलं होतं, आपली नणंद म्हणजे केवढी बडी असामी! देशादेशांची भांडणं सोडवणारी, सतत विमानात, मागे बॅगा उचलायला माणसं. आता तीच पोट धरून हसते. ताई जन्मात दोनदा विमानात बसल्या आणि दोन्ही वेळा बॅग हरवून आल्या.

ताई शिकवतात ते असं: एका देशाने दुसऱ्याचं नुकसान केलं, तर जाब कुणाला विचारायचा आणि भरपाई कशी घ्यायची. अर्धं आयुष्य त्यावर लिहिण्यात गेलं. वाचलं कुणी? कॉलेजात नाव मात्र पडलं, जबाबदारीबाई! यंदा वर्गात उरली चार मुलं. त्यातलं एक जरी गळलं, की विषयच बंद.

त्या दिवशी ताई चष्मा घरी विसरल्या. वहिनी तो द्यायला कॉलेजात गेली, तर विभागप्रमुखांच्या खोलीत जुंपलेली.

"माझा मंगळवारचा तास नेमका करकायद्याच्या तासावर आणून आदळलात! मुलं तिकडेच पळणार ना? नोकऱ्या तिकडे आहेत."

"अहो मॅडम, वेळापत्रक त्या कंत्राटी क्लार्कने केलंय. तो आपला माणूसच नाही."

वहिनीने कपाळाला हात लावला. सगळं जग सोडून हे ताईंपुढे बोलायचं?

"खुर्ची कुणाची? शिक्का कुणाचा? कामाला कुणी लावला? मग त्याने केलं ते तुम्हीच केलं. तुम्हालाही हेच शिकवलं होतं मी, मागच्या बाकावर डुलक्या काढत होतात!"

"बरं, सॉरी. झालं?"

"सॉरी सगळ्यात शेवटी. आधी जसं होतं तसं करून द्या."

प्रमुखांनी सुस्कारा टाकला आणि तास पुन्हा मूळ वेळेवर लिहिला. विषय बचावला. पण ताईंचा चेहरा काही खुलेना. चार मुलांसाठी दरवर्षी एवढं रक्त आटवायचं! वहिनीलाच भरून आलं.

"खोली मात्र कॅन्टीनशेजारची घ्या," प्रमुख म्हणाले.

"जसं होतं तसं म्हणजे खोलीसकट."

"मॅडम, चार तर मुलं!"

"जुन्या खोलीत पंखा आहे."

"याही खोलीत आहे की!"

"फिरतो?"

प्रमुख टेबलावरचे कागद चाळू लागले.

"ताई, जाऊ द्या ना आता," वहिनी पुटपुटली.

ताईंनी तिच्या हातातला चष्मा घेतला, डोळ्यांवर चढवला आणि प्रमुखांकडे नुसतं बघत राहिल्या. त्यांनी मुकाट्याने ड्रॉवर उघडून जुन्या खोलीची किल्ली टेबलावर ठेवली.

"आणि डस्टर?"

"घ्या हो, डस्टरपण घ्या!"